आधी बिदागी, मग हार

(गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाची मुद्रित संहिता)



या मालेचं बोलावणं आलं तेव्हा मी संयोजकांना विचारलं, ‘माणूस चुकला नाही ना तुमचा?’ मी गायक नाही, नट नाही, समीक्षक तर नाहीच. चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. कलेवर बोलायला असा माणूस कशाला? ते म्हणाले, ‘गुरुजींचे विद्यार्थी ना तुम्ही? मग हिशेबाचंच बोला.’ म्हणून आज हिशेबाचंच बोलणार आहे.

गुरुजी आम्हाला मराठी शिकवायचे. स्नेहसंमेलनाला दरवर्षी बाहेरचा एक कलावंत आणायचा, हा त्यांचा हट्ट. कधी शाहीर, कधी भारूडवाले, एका वर्षी बहुरूपी. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी गुरुजी पडद्यामागे जायचे, पाकीट त्या माणसाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, ‘मोजून घ्या.’ तो बिचारा संकोचायचा. गुरुजी हलायचे नाहीत. एकदा मुख्याध्यापक म्हणाले, ‘अहो, शेवटी व्यासपीठावर द्या की, शोभून दिसेल.’ मी तेव्हा पडद्याची दोरी धरून तिथेच उभा होतो. गुरुजी म्हणाले, ‘व्यासपीठावर हार घालू. हार घरी शिजत नाही. आधी बिदागी, मग हार.’

आज पन्नास वर्षांनी मला वाटतं की महाराष्ट्राने हा क्रम उलटा करून टाकला आहे. हार घालण्यात आपण कमी पडत नाही. आपल्याकडे शाल, श्रीफळ, मानपत्र, जीवनगौरव आणि चौकाला नाव, सगळं आहे. बिदागीचं मात्र आपण नंतर बघतो, आणि ते ‘नंतर’ पुष्कळदा माणूस गेल्यावर येतं.

उदाहरण तमाशाचं घेतो, कारण ते मी जवळून पाहिलं आहे.

कलेचं मोल काय, हा प्रश्न निघाला की आपण लगेच ‘जीवन समृद्ध होतं’ वगैरे बोलू लागतो. मी कर्ज विभागातला माणूस. मी विचारतो, या कलेचं आपल्यावर नेमकं काय देणं आहे? देणं मोठं आहे. बतावणीत सोंगाड्या पाटलाला, सावकाराला, फौजदाराला भर यात्रेत चार प्रश्न विचारतो आणि समोर बसलेला पाटीलसुद्धा हसतो. ज्या गावात तोंड उघडायची सोय नव्हती तिथे वर्षातून एक रात्र अशी होती. सत्यशोधकांनी जलशाचा साचा इथूनच घेतला. पुढे आंबेडकरी जलसे त्याच वाटेने वाडीवस्तीवर पोचले. १९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हा गिरणगावातल्या कामगाराला आपलं वाटेल असं रूप त्यांना तमाशातच सापडलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच शाहिरांच्या डफावर मैदानं भरली. म्हणजे १ मे १९६० ला जे राज्य झालं, त्याच्या भांडवलात डफ-ढोलकीचाही वाटा आहे. भागधारक म्हणून त्यांना लाभांश किती मिळाला, ते आपण बघू.

आधी हे पाहू की आपल्याकडे कलेचा खर्च कोणी केला. मराठी रंगभूमी दिन आपण ५ नोव्हेंबरला साजरा करतो, कारण १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं. त्यामागे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांचा पैसा होता. १८५१ मध्ये अप्पासाहेब वारले आणि दोनच वर्षांत भावे मंडळी घेऊन मुंबईला गेले व तिकीट लावून खेळ करू लागले. राजाश्रय गेला आणि लोकाश्रय आला, असं आपण पाठ्यपुस्तकात सुटसुटीत लिहितो. मंडळीतल्या नटाच्या बाजूने बघा. काल पगार ठरलेला होता. आज खिडकीवर किती जमले त्यावर रात्रीचं जेवण.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी एक पाऊल पुढे टाकलं. कलावंतांना आश्रय दिलाच, पण १९१५ साली पॅलेस थिएटर उभं केलं आणि शेजारी खासबागचं कुस्ती मैदान. पैलवान आणि नट यांची सोय एकाच आवारात करणारा राजा त्याआधी झाला असेल तर मला माहीत नाही. त्याच नाट्यगृहाला पुढे संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडत होते. पुनर्बांधणीची घोषणा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण मला राहून राहून वाटतं, नाट्यगृह जळलं तर ज्वाळा दिसतात. तमाशाचा फड बुडतो तेव्हा धूरसुद्धा निघत नाही.

याच केशवरावांनी आणि बालगंधर्वांनी ८ जुलै १९२१ ला मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केलं. कशासाठी? टिळक स्वराज्य फंडासाठी. देशाला पैसा हवा होता तेव्हा तो नटांनी उभा करून दिला. तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले. वय एकतीस. आणि बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी कर्जाच्या ओझ्याखाली पुढे बंदच झाली. कर्जात बुडालेल्या नटाला आपण उधळ्या म्हणतो. आता दर हंगामात पहिली मोळी पडायच्या आधी साखर कारखान्याला जे कर्ज लागतं, त्याला आपण ‘खेळतं भांडवल’ म्हणतो. शब्द बदलला की माणसाची अब्रू बदलते, हे मी बँकेत शिकलो.

खेळतं भांडवल म्हटलं की मला एक दुपार आठवते.

नव्वदच्या दशकात मी जुन्नर भागातल्या एका शाखेत होतो. जवळच नारायणगाव. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या आसपास तिथे फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा फलक, आत गादी, फडमालक, व्यवस्थापक आणि तारखांची वही. गावोगावचे पंच येतात, चहा होतो, घासाघीस होते, सुपारी ठरते आणि वहीत यात्रेची तारीख पडते. चैत्र-वैशाखाच्या त्या आठ-दहा आठवड्यांवर फडाचं वर्षभराचं गणित बसलेलं असतं.

ते दिवस श्रावणाचे होते. पाऊस धरलेला. एक फडमालक शाखेत आले. पांढरं धोतर, कोपरीला शाईचा डाग, काखेत लाल कापडी बांधणीची वही. ती त्यांनी माझ्या टेबलावर उघडली. उचलीची वही होती ती. दसऱ्याला फड बाहेर काढायचा तर पावसाळ्यातच माणसं बांधावी लागतात, आणि बांधायची म्हणजे उचल द्यावी लागते. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुण्यावाला, सोंगाड्या, मावशी, वगातली माणसं, नाचणाऱ्या बाया, तंबू ठोकणारे, आचारी, ड्रायव्हर, जनरेटरवाला. नव्वदच्या आसपास नावं होती. प्रत्येकापुढे रक्कम, अंगठा किंवा सही. मी तीस वर्षं ताळेबंद वाचले, पण इतका स्वच्छ हिशेब फार थोड्या कारखानदारांकडे पाहिला.

मी विचारलं, ‘तारण काय देता, आण्णा?’

‘दोन ट्रक हायेत, जुने. कनात, तंबू.’

‘ते चालणार नाही. जमीन?’

ते वहीवर हात ठेवून म्हणाले, ‘तारण ही माणसं हायेत साहेब. तुमची बँक माणसं धरीत न्हाई. सावकार धरतो.’

अर्जात व्यवसायाचा रकाना होता. शेती, दुकान, कुक्कुटपालन, वीटभट्टी यांत तमाशा कुठे बसवावा मला कळेना. मी ‘इतर’ लिहिलं. ‘इतर’ लिहिलेला अर्ज वरून परत आला. आण्णा सावकाराकडे गेले. शेकडा तीन-चार रुपये महिना, असा दर तेव्हा सर्रास ऐकू यायचा. वर्षाचे किती होतात ते तुम्हीच करा. हंगाम चांगला गेला तर व्याज फिटायचं. अवकाळी पावसाने चार यात्रा मोडल्या की मुद्दल तसंच, वर नवी उचल. अर्ज नाकारणारी सही माझी होती. नियमाप्रमाणे होती. तरीही ती आज इथे सांगितल्याशिवाय मला पुढे बोलता येणार नाही.

गंमत बघा. त्याच आठवड्यात त्याच टेबलावरून मी शेकडो शेतकऱ्यांना पीक कर्ज दिलं. पेरणीला पैसा द्यायचा आणि सुगीनंतर वसूल करायचा. आज तर तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शेतकऱ्याला व्याजच पडत नाही. उत्तम योजना आहे. मी एवढंच म्हणतो की फडाचीही पेरणी असते आणि सुगी असते. पेरणी श्रावण-भाद्रपदात, सुगी चैत्रात. दोघांचंही आभाळाकडे लक्ष. एकाच्या पेरणीला बँक उभी राहते, दुसऱ्याच्या सुगीला आपण हार घेऊन जातो.

ती सुगीही एकदा मुळातून गेली. २५ मार्च २०२० आठवतो? देशभर टाळेबंदी सुरू झाली तो दिवस. पंचांगात तो दिवस गुढीपाडव्याचा होता. राहुट्यांमध्ये तारखा पडायच्या नेमक्या दिवसांत यात्रा बंद झाल्या. उचली तर भाद्रपदातच वाटलेल्या. पुढच्या चैत्रातही तीच गत. दोन सुग्या हातच्या गेल्या. पीक बुडालं तर पंचनामा होतो. यात्रा बुडाली तर पंचनामा करायला कोण येणार, आणि कशाचा करणार?

आता दुसरी बाजू. अडथळा केवळ पैशाचा नाही. काही दारं आपणच लावून घेतली आहेत.

तमाशा हा प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी या समाजांनी जगवलेला खेळ. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाचा रेठऱ्याचा ब्राह्मण त्यात शिरला आणि पठ्ठे बापूराव झाला, तर त्याच्या जातीने त्याला बाहेर टाकलं. लावण्यांचं वेड सगळ्या महाराष्ट्राला लावून तो १९४५ मध्ये विपन्नावस्थेत गेला. स्वातंत्र्य मिळालं आणि बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून, संहिता तपासून घ्यायच्या अटीवर ती उठवली. अश्लीलता नव्हती असं मी म्हणत नाही. पण बंदी घालताना ‘या माणसांच्या चुलीचं काय’ हा प्रश्न किती जणांनी विचारला? आणि पाहणाऱ्यांचंही तसंच. आमच्या आईने जन्मात तमाशा पाहिला नाही. तिने लावणी रेडिओवर ऐकली, भाकरी थापता थापता, आवाज बारीक करून. अर्ध्या गावाला कनातीच्या आत येऊच द्यायचं नाही आणि मग म्हणायचं, प्रेक्षक घटला!

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव आपण सगळे अभिमानाने घेतो. गरोदर विठाबाई खेळ अर्धा ठेवून कनातीमागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकीकत आपण कौतुकाने सांगतो. मला त्यात कौतुकाइतकीच शरम वाटते. त्या रात्री सुट्टी घेण्याची सोय तिला नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते तिला पदकं मिळाली. १५ जानेवारी २००२ ला ती गेली, तेव्हा अखेरच्या आजारपणाच्या खर्चासाठी लोकांना मदत गोळा करावी लागली होती. आज राज्य सरकारचा मोठा पुरस्कार तिच्या नावाने दिला जातो. यात सगळे हार आले.

सरकार काहीच करत नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजना जुनी आहे. २०२४ मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं आणि सरसकट महिना ५,००० रुपये केले. निवृत्तीनंतर अशा काही अर्जांना मी हातभार लावला. एका बाईंचा अर्ज सांगतो. वय साठीच्या पुढे, चाळीस वर्षं वगात काम. कलेतल्या योगदानाचे पुरावे जोडा, असं अर्जात लिहिलेलं. बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेलं एक हस्तपत्रक काढलं. गुलाबी कागद, घड्यांवर फाटलेला, मागून पोळपाटावरच्या कागदासारखा तेलकट. वर मोठ्या अक्षरात फडमालकाचं नाव. खाली वगाचं नाव. त्याखाली दोन नायिका, एक सोंगाड्या. आणि तळाला बारीक टायपात: ‘व इतर कलाकार’.

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘ही मी.’

अर्जाच्या रकान्यात एकदा मी ‘इतर’ लिहिलं होतं. तोच शब्द चाळीस वर्षांच्या कामाचा पुरावा होऊन माझ्यापुढे आला.

कोणी म्हणेल, काळ बदलला, लोकांना नको आहे, तर मरू द्या. लोकांना नको आहे का, हे बघायचं तर झाडीपट्टीत चला. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. धान घरात आलं, दिवाळी सरली की तिथे मंडईची जत्रा भरते, बैलांचे शंकरपट होतात आणि रात्री नाटक. होळीपर्यंत हंगाम. वडसा-देसाईगंज हे नाट्यमंडळांचं ठाणं. गावातलं मंडळ नाटक ठरवतं, धानाच्या बांधीत मंडप घालतं, तिकीट लावतं आणि बायाबापड्या, लेकरं घोंगड्या घेऊन रात्रभर बसतात. मुंबई-पुण्याच्या समीक्षेने वर्षानुवर्षं दखल घेतली नाही, तरी ही रंगभूमी स्वतःच्या पायावर चालली. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुष्कळांनी झाडीपट्टी नकाशावर शोधली. तिथलं गुपित साधं आहे. लोकांच्या हातात पैसा येतो त्याच दिवसांत नाटक येतं, आणि घरातली बाई प्रेक्षकांत असते. तिथेही नटाला विमा नाही, रात्रीबेरात्री जंगलातल्या रस्त्याने प्रवास आहे. ते नंदनवन नाही. पण ‘लोकांना नको’ हे कारण तिथे उभं राहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सरकारच्या पैशाने कला मिंधी होते. खरं आहे, होते. म्हणूनच मी अनुदानापेक्षा कर्ज मागतो. कर्ज देणारा वगात काय बोलावं ते विचारत नाही, हप्ता विचारतो. सोंगाड्याने मंत्र्याची नक्कल केली म्हणून पीक कर्ज रद्द होत नाही. खरं मिंधेपण सावकाराकडच्या उचलीत आहे. तिथे माणूसच बांधला जातो.

तेव्हा माझं मागणं मोठं नाही. फडांना, कलापथकांना, नाट्यमंडळांना पीक कर्जाच्या धर्तीवर हंगामी कर्ज मिळावं. भाद्रपदात द्यावं, वैशाखानंतर वसूल करावं. ठरलेली सुपारी आणि उचलीची वही तारण म्हणून धरावी, आणि यात्रा बुडाली तर पिकासारखाच विमा असावा. बुडीत जाईल का? काही जाईल. बुडीत कर्जं मी आयुष्यभर पाहिली आहेत, त्यात फार मोठी नावं होती. त्यात एकही ढोलकीवाला नव्हता.

हे राज्याच्या हातचं आहे, वेळ लागेल. पण एक गोष्ट या सभागृहाच्या हातची आहे. आपल्या गावची यात्रा चैत्रात आहे. यात्रा समितीचे चार-पाच जण समोरच बसलेले दिसतात. दरवर्षी सुपारीची पावती एका नावाने फाडली जाते. यंदा पावतीच्या मागे फडातल्या प्रत्येकाचं नाव लिहून घ्या. तंबू ठोकणाऱ्यापासून मावशीपर्यंत, नाव आणि काम, खाली समितीचा शिक्का. एक प्रत फडाला द्या, एक आपल्या वाचनालयात ठेवा. वीस मिनिटांचं काम आहे. वीस वर्षांनी कुणा बाईला ‘इतर’वर बोट ठेवावं लागणार नाही.

आणि ठरलेली रक्कम गण सुरू व्हायच्या आधी, पडद्यामागे, मोजून द्या. हार मग घाला.